कोठडीपुढचा दुसरा माणूस

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो. हे एक विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

मी चौथी शिकलेला. शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन निवृत्त झालो. त्या वेळी जळगाव जिल्ह्यातल्या एका ठाण्यात जमादार होतो. रावेरकडे केळीचे ट्रक भरणारे सहा परदेशी मजूर कागदपत्रांविना सापडले. त्यांना परत धाडायचा हुकूम वरून येईना, म्हणून महिनाभर ते आमच्याच कोठडीत. साहेबांनी विचारलं, पहाऱ्याला चार माणसं देऊ का? मी ताठ्यात म्हणालो, "चार कशाला? माझे दोन पुरेत."

मग मंत्र्यांचा दौरा आला. सगळं ठाणं बंदोबस्ताला. दोघांतला एक मी तिकडे नेला. त्याच दुपारी सहांतला एक, दम्याचा माणूस, कोठडीत मेला. पहाऱ्यावरच्या शिपायानं डायरीत लिहिलं, 'अचानक मृत्यू.' मलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यासमोरची चहावाली अक्का हळूच म्हणाली, "भाऊ, अर्धा तास त्या आरडी राह्यंतात. बठ्ठास्नी ऐकं."

आतले अर्धा तास ओरडत होते, सगळ्यांनी ऐकलं होतं, म्हणजे 'अचानक' खोटं. शिपायाला समोर उभा केला. नशिराबादचा, दोन मुलींचा बाप, गरीब स्वभावाचा. तासभर बोलला नाही. माणूस घाबरला की खूप बोलतो. गप्प बसतो तो कुणाला तरी झाकत असतो.

"किल्ली कुठं होती?"

"कमरेला."

"मग उघडलं का नाही?"

"जमादारसाहेब, जोडीला दुसरा असल्याशिवाय कोठडीचं कुलूप काढायचं नाही, हे तुम्हीच शिकवलं. आत सहा, मी एकटा. दुसरा तुम्ही नेला होता."

"डायरीत खोटं का लिहिलं?"

"तुमचं नाव आलं असतं."

तपास माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबला.

खातेनिहाय चौकशीत मला एकच प्रश्न विचारला, पहाऱ्याला माणसं पुरेशी होती का? मी म्हणालो, होती. शिपाई समोरच उभा होता, माझ्याकडे बघतही नव्हता. त्याची नोकरी गेली.

पुढं ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथं, मंत्री येवो की आणखी कोणी, कोठडीपुढचा दुसरा माणूस मी हलवला नाही. त्यावरून साहेबांशी भांडलो, बदल्या सोसल्या. पण त्या दम्याच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

भुसावळला लेकीकडे जाताना एसटी नशिराबादला थांबते. दरवेळी वाटतं, उतरावं, त्या शिपायाचं घर विचारावं. अजून उतरलो नाही.