लाईन बंद आहे

भोरच्या एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर एक कॉम्प्युटर क्लास होता. सकाळी क्लास चालायचा, दुपारनंतर तिथंच सायबर कॅफे. बी.ए. झाल्यावर मी तिथं कामाला लागले. घर उत्रोलीला, त्यामुळं येणंजाणं सोपं होतं. लोकांचे फॉर्म भरायचे, अर्ज टाईप करायचे, ज्यांना येत नाही त्यांना ईमेल काढून द्यायचे, हे माझं काम.

मालकांना सगळे सर म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. मला कामावर घेतलं तेव्हा दोघातिघांनी त्यांना विचारलं होतं, “बौद्धवाड्यातली पोरगी ठेवली का?” सरांनी तिकडं लक्ष दिलं नाही. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. त्यानंतर कुठल्याही गोष्टीला त्यांना नाही म्हणताना माझी जीभ जड व्हायची.

एके दुपारी किकवीचा एक टेम्पोवाला आला. तिशीतला असेल. मुसलमान कुटुंबातला, पण बोलणं अगदी आमच्यासारखंच. त्याला आखातात ड्रायव्हरची नोकरी बघायची होती.

“ताई, मला ह्यातलं काय बी कळत न्हाई,” तो म्हणाला. “तुमीच लिवा.”

मी त्याचा अर्ज टाईप केला, त्याच्या नावानं ईमेल उघडून दिला आणि पासवर्ड कागदावर लिहून दिला. त्यानं तो कागद माझ्याकडंच ठेवायला सांगितला. कंपनीच्या पानावर वर अरबी अक्षरं होती. ती बघून तो हसला. “हे माझ्या अब्बांना बी वाचता यायचं न्हाई.”

शेजारच्या मशीनवर कुणीतरी बसलं होतं. कोण, ते मला आता आठवत नाही.

चार दिवसांनी पुण्याच्या एका दैनिकात तालुक्याच्या पानावर बातमी आली. भोरच्या सायबर कॅफेत संशयास्पद हालचाली. किकवी परिसरातला विशिष्ट समाजाचा एक टेम्पोचालक परदेशी भाषेतली संकेतस्थळं बघताना आढळला. नाव दिलं नव्हतं. पण किकवीत त्या समाजाचे टेम्पोवाले असे किती असणार? त्याला चौकीत बोलावलं, विचारपूस केली आणि तासाभरात घरी पाठवलं. सोडल्याची बातमी आली नाही.

बातमी वाचली तेव्हा मी डबा खात होते. वाचून झाल्यावर मी डबा संपवला. राग आला नाही, भीतीही वाटली नाही. हात धुतले आणि एकाचा रहिवासी दाखल्याचा अर्ज टाईप करायला बसले.

संध्याकाळी सर म्हणाले, “तो किकवीवाला परत आला तर लाईन बंद आहे म्हणून सांग. त्यांच्यातलं दुसरं कुणी आलं तरी तेच सांग.”

“सर, त्याचा अर्ज मीच टाईप केला होता. नोकरीचा होता.”

“मला माहितीये गं. पण मला क्लास चालवायचाय.”

मी होकारार्थी मान हलवली.

तो आठवड्यानं आला. दारातच चपला काढून उभा राहिला.

“ताई, काय उत्तर आलंय का बघता?”

“लाईन बंद आहे,” मी म्हणाले.

आत तिघं मशीनवर बसलेले होते. त्यानं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “बरं,” म्हणाला, आणि चपला घालून गेला. पुढच्या आठवड्यात तो परत आला. मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तो आला नाही.

मधे बरेच दिवस गेले. एका दुपारी सर पुण्याला गेले होते आणि कॅफेत कुणी नव्हतं. मी ड्रॉवरमधला तो कागद काढला आणि त्याचा ईमेल उघडला. कंपनीचं उत्तर आलेलं होतं. मुलाखतीला मुंबईला बोलावलं होतं. तारीख होऊन चार दिवस झाले होते.

मी ते छापून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटीनं किकवीला गेले. हायवेच्या कडेला त्यांचं घर सापडायला वेळ लागला नाही. तो टेम्पोच्या चाकाशी बसला होता. त्याच्या आईनं मला पाणी दिलं. मी कागद पुढं केला आणि त्यात काय आहे ते वाचून दाखवलं.

“म्हंजे गेली,” तो म्हणाला.

“हो.”

“डेरीवाल्यांनी बी दुसरा टेम्पो लावला. म्हनले, लोक काय काय बोलत्यात.” त्यानं कागदाची घडी घातली. “ताई, अर्ज तुमी लिवला व्हता. तुमाला ठावं व्हतं.”

“हो.”

“मग तुमी कुणाला सांगितलं न्हाई?”

“मला कुणी विचारलं नाही.”

तो परत चाकाकडं वळला. त्याची आई आत गेली. मी म्हणाले ते खरं होतं, आणि ते म्हणताना मला काहीच वाटत नव्हतं, हेही खरं. बसमध्ये खिडकीशी बसून मी भातखाचरं बघत आले. घरी आल्यावर आईनं विचारलं, “तोंड का उतरलंय?” मी आरशात बघितलं. चेहरा रोजच्यासारखाच होता.

ती बातमी देणाऱ्या वार्ताहराचं बाजारपेठेत स्टेशनरीचं दुकान होतं. मी त्याच्याकडं गेले.

“नाव कुठं दिलंय आम्ही?” तो म्हणाला.

“गाव दिलंय, धंदा दिलाय, समाज दिलाय. राहिलं काय?”

“मग तू पत्र दे. वाचकांच्या पत्रांत पाठवतो.”

मी तिथंच उभ्यानं लिहिलं. अर्ज मी स्वतः टाईप केला, तो नोकरीचा होता, बातमी देण्याआधी त्याला किंवा मला कुणीही विचारलं नाही, त्याचं काम गेलं आणि मुलाखत हुकली. शेवटी लिहिलं की, कॅफेत कोण काय बघतं याकडं लक्ष ठेवायचंच असेल तर सगळ्यांवर सारखं ठेवा, समाज बघून नको. खाली नाव-गाव लिहिलं आणि एक नक्कल माझ्या वहीत उतरवून घेतली.

दोन आठवड्यांनी पत्र छापून आलं. त्याला ‘सायबर कॅफेंवर लक्ष हवे’ असा मथळा होता. खाली तीन ओळी: मी भोरच्या सायबर कॅफेत काम करते, तिथं कोण काय बघतं याकडं लक्ष ठेवायला हवं. आणि माझं नाव.

सरांनी पेपर माझ्यापुढं ठेवला. “चांगलं लिहिलंस. लोकांना कळलं, आपण काळजी घेतो ते.”

मी पत्र पुन्हा वाचलं. शब्द बरेचसे माझेच होते, बाकी सगळं कापलेलं होतं. किकवीत पेपर पोचतो, हे मला माहीत होतं.

वहीत पत्राची नक्कल होती. मी मशीनवर बसले आणि ती मोठ्या अक्षरांत टाईप केली. छापली आणि दाराशेजारच्या फळ्यावर लावली. तिथं निकाल आणि फॉर्मच्या तारखा लावलेल्या असायच्या.

सरांनी उभं राहून सगळं वाचलं. “हे काढ.”

“मी काढणार नाही, सर. आणि इथून पुढं लाईन चालू असताना बंद आहे म्हणून कुणालाही सांगणार नाही.”

“तुझ्यासाठी मी लोकांचं ऐकून घेतलंय.”

“माहितीये. तेव्हा तुम्ही बरोबर केलंत.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “मग उद्यापासून येऊ नकोस,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. कागद त्यांनी माझ्यासमोर काढला नाही. मी गेल्यावर काढला असणार.

दुसरी प्रत मी किकवीला नेऊन दिली. तो घरी नव्हता, त्याच्या आईनं घेतली. “वाचून दाखवू का?” मी विचारलं. “नगं,” त्या म्हणाल्या, “त्यो आला की वाचंल.” त्यांनी चहा ठेवला. आम्ही दोघी चहा प्यायलो.

पुढं त्याला शिरवळच्या एका कारखान्यात गाडी चालवायला मिळाली, असं ऐकलं. मला वर्षभरानं एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायचं काम लागलं. पहिल्या दिवशी मुलांनी विचारलं, “बाई, इंटरनेट कुणाकुणाला बघता येतं?” मी म्हणाले, “सगळ्यांना,” आणि त्यांचे पाटीसारखे स्वच्छ चेहरे बघत खडू शोधायला लागले.