पोटरीतला गोळा

राजेहो, आधी हातातला चहा संपवा. मधेच ठसका लागला तर मला दोष देऊ नका. माझ्या फजित्या कमी नाहीत, पण हिच्यापुढे बाकीच्या पाणी भरतात!

तेव्हा गडचिरोलीत माझं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. शेजारी वनिताबाई राहायच्या, मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. त्यांना छातीचा कॅन्सर झाला. नागपूरला ऑपरेशन, केस गेले, वर्षभर शाळा सुटली. पण बाई अशी जिगरबाज, की बरी होऊन आल्यावर काय म्हणावं?

"दवाखान्याबाहेर पेशंटच्या घरचे लोक फुटपाथवर झोपून राह्यले जी. त्यायच्यासाठी खोल्या बांधाच्या हायेत. मी चंद्रपूरले सायकलनं जातो, एका दिवसात. लोक पाहाले येतीन, तवा वर्गणीचा डबा फिरवू."

आणि माझी जीभ! "मीबी येतो बाई! सायकल म्हंजे डाव्या हातचा मळ!"

खरं सांगू? कॉलेज सुटल्यापासून मी सायकलवर टांग टाकली नव्हती!

त्यातच आठवडाभर आधी तिरुपतीला केस देऊन आलेलो. अंगावर मांस मुळातच नाही. कसा दिसत असेन, तुम्हीच डोळ्यांपुढे आणा!

निघालो. पुढे जीपवर भोंगा: "कॅन्सरले हरवून आलेले पेशंट सायकलनं येऊन राह्यले होऽऽ! स्वागताले या!"

वैनगंगेच्या पुलापर्यंत मी बाईंच्या बरोबरीनं होतो. पूल संपला आणि धानाच्या बांध्यांमधून त्या अशा सुटल्या, की ठिपकाच झाल्या! सावली गावाला पोचेस्तोवर माझ्या पोटऱ्यांचे दगड झाले.

मूल शहराच्या अलीकडे एका गावात शाळेसमोर मांडव घातलेला. वनिताबाई कधीच्याच पोचलेल्या, डोक्यावर नवे कुरळे केस, हातात किटली, लोकांना चहा देत होत्या. गावाला वाटलं, बाई व्यवस्थेतली. आणि मागून मी! टक्कल, हाडं, तोंडाला फेस.

काय ते स्वागत, राजेहो! हार, ओवाळणी, फटाके! "शाबास भाऊ! अशा हालतीत सायकल!"

मी मनात म्हटलं, आपला सराव नाही हे इथपर्यंत कळलं वाटतं.

दोघांनी मला उचलून बाजेवर निजवलं. पटका बांधलेले एक म्हातारबुवा वाकून म्हणाले, "लय तरास होते काय भाऊ?"

"नाई जी. पोटरीत गोळा आला, बस."

"पोटात गोळा हाये म्हणते गा!" मागं कुजबुज फिरली.

"कवापासून हाये?"

"सावलीपासून. आधी बारीक होता, आता मोठा झाला."

"मंग डॉक्टर काय म्हणते?"

"डॉक्टर कायले पाह्यजे? गरम तेल चोळलं का जाते!"

म्हातारबुवांनी पटक्याच्या शेवटानं डोळे पुसले. "याले म्हणते छाती!"

सरपंचांनी माइक माझ्या तोंडाशी धरला. मीही पडल्या पडल्या सुनावलं, "घाबराचं नाई! मनात आणलं का सगळं होते!" टाळ्यांचा कडकडाट. बाया पदरानं डोळे टिपत होत्या. केवढे हळवे लोक, मला वाटलं!

तेवढ्यात एक तरुण बाई बाजेजवळ आली. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाली, "भाऊ, मलेबी गाठ हाये. इथी, काखेत. घरी कोणाले सांगतलं नाई. तुमी बरे झाले, तशी मीबी होईन ना?"

भोंगा, पेशंट, पोटातला गोळा... सगळा उजेड एकदम पडला! तिच्या डोळ्यांतली आशा पाहून हार गळ्याला टोचायला लागला हो.

"बाई, मी पेशंट नाई," मी कसंबसं म्हटलं. "पेशंट त्या. किटलीवाल्या."

वनिताबाईंनी किटली खाली ठेवली. मला हसल्यासुद्धा नाहीत. त्या बाईचा हात धरला, "चाल वो, निंबाखाली बसू," म्हणाल्या. किती तरी वेळ दोघी बोलत होत्या. परतली तेव्हा तिची मान वर होती. पुढच्याच आठवड्यात बाईंनी तिला स्वतः नागपूरला नेलं. गाठ वेळेवर सापडली. आज ती नातवंडं खेळवते!

त्या दिवशी बाईंनी मग माइक घेतला. "कॅन्सर मले झाला होता. मीबी गाठ लपवून ठेवली असती, तर आज तुमच्यापुढं उभी नसती राह्यली." मग ज्या टाळ्या पडल्या, त्या थांबेनात! बाया उठून त्यांच्या गळ्यात पडल्या. डबा इतका भरला, की झाकण लागेना. आणि बाई घोटभर पाणी प्यायल्या, सायकलवर बसल्या आणि चंद्रपूरच्या रस्त्याला लागल्यासुद्धा!

म्हातारबुवा त्या दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिले. मग वळून बाजेवरच्या माझ्याकडे पाहिलं. टक्कल, हार, पायाला तेल चोळणारे दोघं. बराच वेळ निरखून म्हणाले,

"ते बाई तर चालली चंद्रपूरले. मंग भाऊ, तुमाले काय झालं?"