दाबू नका

आधीच सांगतो, माझी शाळा आठवीत सुटली. शुद्धलेखन चुकलं तर माफ करा, शब्दही साधेच आहेत. पण परभणीत लग्नाच्या फोटोवाल्यांकडं काम केलं की किस्से चहाच्या कपांसारखे साचतात. विसळायला कुणी उठत नाही.

आमचे मालक बालाजीभाऊ. मानवतच्या एका वरातीत त्यांच्या लेन्सवरचा फिल्टर, म्हणजे पुढं फिरवून बसवायची काच, सैल राहिला, खाली पडला आणि बँडवाल्याच्या बुटाखाली गेला. तेव्हापासून भाऊ फिल्टर असा आवळतात, जसा ट्रॅक्टरच्या चाकाचा नट. मग तो निघतच नाही.

एकदा फिल्टरच्या आट्यांमध्ये हळद जाऊन तो घट्ट बसला. व्हिडिओवाले माधवमामा म्हणाले, थंड केलं की सुटतं. म्हणून लेन्स काळ्या पिशवीत बांधून नवरीच्याच घरच्या फ्रिजमध्ये ठेवली. थोड्या वेळानं तिची आजी पिशवी लांब धरून मांडवात आली. "हे मटन कुणाचं हाय? आमच्यात चालत न्हाई!"

त्यानंतर मी आट्यांवर शिसपेन्सिल फिरवून, भुकटी पुसून फिल्टर हलक्या हातानं लावायला लागलो. माझे कधी अडकले नाहीत. मामा म्हणाले, "शाळेत झिजली न्हाई, ती आता झिजवायलास."

तरी भाऊ मोठा कॅमेरा देईनात. मला तो लय हवा होता. पण ते म्हणायचे, "ज्याला 'इकडं बघा' म्हणता येईना, त्याच्याकडं कोण बघंल?" बरोबरच होतं. चार माणसं दिसली की माझा आवाज घशातच राहायचा.

मग पोखर्णीचं लग्न आलं. दुपारच्या उन्हासाठी भाऊंनी काळा फिल्टर लावला, नेहमीसारखा आवळून. संध्याकाळी हळद सुरू झाली आणि तो निघेना. दुसरी लेन्स नव्हती. सगळे फोटो काळे आले असते. भाऊ घामाघूम होऊन दोन्ही हातांनी दाबायले. नवरी पाटावरून म्हणाली, "भाऊ, त्याचा गळा तरी सोडा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "दाबू नका भाऊ. दाबलं की कडं वाकतं, अजून अडकतं."

नवरी म्हणाली, "अगं बाई, ह्याला बोलता येतं?"

बांगड्यांच्या डब्याचं रबर मी फिल्टरच्या कड्याला गुंडाळलं, नुसता तळवा टेकवला, फिरवला. सुटला. भाऊंनी कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळे फिल्टर पुसले, आट्यांवर पेन्सिल फिरवली. मग दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "इकडं बघा."