तापलेल्या हवेचा पत्ता

केरिओ खोऱ्याच्या कड्यावर शेळ्या राखणाऱ्या किमोईला लहानपणापासून एक गोष्ट खटकायची. गिधाडं, करकोचे, गरुड असे सगळे आभाळात एकाच जागी घिरट्या घालायला लागले की आई ओरडायची, "पळ, बघ कुठली शेळी मेली ते!" किमोई काट्याकुट्यांतून धावत जायची. बऱ्याचदा तिथं मेलेलं काहीच नसायचं. नुसता काळा खडक, पाय भाजेल इतका तापलेला.

"मग जमतात कशाला? आणि भांडत कसे नाहीत?"

"त्यांनाच विचार जाऊन," आई म्हणायची.

पुढं कड्यावर पॅराग्लायडिंगवाले यायला लागले. नवऱ्याचं घर सोडून आलेली किमोई तोवर तिशी ओलांडून गेली होती. खोऱ्यात उतरलेल्यांच्या कापडी छत्र्या पाठीवर घेऊन ती कडा चढायची. गावातलाच अरुसेई उडायला शिकवायचा. एका दुपारी तो वैतागला होता, त्याचे शिकाऊ दहा मिनिटांत खाली येत होते.

"दादा, त्यांना त्या काळ्या खडकावर पाठवा ना. ऊन चढलं की पाखरं तिथून वर जातात, पंखसुद्धा न हलवता."

"तुला कुणी सांगितलं?"

"मेलेल्या शेळ्या शोधता शोधता कळलं."

त्या दुपारी दोघं शिकाऊ दीड तास वर राहिले. दुसऱ्या दिवशी अरुसेईनं तिच्या हातात हेल्मेट दिलं.

"या वयात पंख फुटले का गं तुला?" आई कडाडली.

सहा महिने किमोई शिकली. जानेवारीत एकटीनं पहिली मोठी झेप घेतली आणि नेमकी ढगाची सावली काळ्या खडकावर आली. छत्री खाली खाली जाऊ लागली.

"किमोई, उतरायची जागा बघ," कानातल्या वायरलेसवर अरुसेई म्हणाला.

खाली सगळी बाभूळ. लांब उन्हात एक गिधाड एकटंच गोल फिरत चढत होतं. तेवढ्यात पांढऱ्या करकोच्यांची रांग मोडली नि त्याच्याकडं वळली. मागून एक गरुडही आला. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. वर जाणारी हवा दिसत नाही. दिसतं ते फक्त तिच्यावर चढणारं पाखरू. ज्याला ती सापडली, तोच बाकीच्यांसाठी पत्ता.

"थांबा दादा, मी यांच्यात जाते."

पोचताच छत्रीला खालून हिसका बसला. किमोई वळली. गोल, पुन्हा गोल, करकोच्याच्या लाल चोचीला हात लागेल इतक्या जवळून. एका वळणावर ती जरा डावीकडं सरकली, तिथं हवा आणखी जोरात होती. ती भराभर चढायला लागली. खाली पाहिलं तर दोन गिधाडं आपला घेरा सोडून तिच्या मागं येत होती.

"दादा," ती ओरडली, "ती माझ्याकडं बघून येतायत!"

ती कड्याच्या वर उतरली तेव्हा सगळा गाव जमला होता. आई आंबलेल्या दुधानं भरलेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा घेऊन पुढं आली.

"पी आधी. ओठ बघ कसे सुकलेत." मग हळूच म्हणाली, "वरून आपलं घर दिसतं का गं?"

"दिसतं. छपराला पत्रा कमी आहे तेही दिसतं."

आता किमोई गावातल्या चार पोरींना उडायला शिकवते. पहिला महिना छत्रीला हात लावू देत नाही. नुसतं आभाळाकडं बघायला लावते.