जर्मनरावांचा माणूस

पुढे निघालेल्या माणसाला अडवणं हाच ज्याचा पोटापाण्याचा धंदा होता, असा इतका मायाळू माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. वेस्ट मांबलमला आम्ही एकाच घरात भाडेकरू होतो. माडीवर ते, खालच्या दोन खोल्यांत मी, आणि मागच्या बाजूला घरमालकीण अक्का. मद्रास तेव्हा मद्रासच होतं. बँकेने मला साताऱ्याहून उचलून तिथे नेऊन टाकलं होतं, मुलांच्या शाळेपायी बायको-मुलं साताऱ्यालाच राहिली होती, आणि संध्याकाळी बोलायचं कुणाशी हा माझ्यापुढचा मोठाच प्रश्न होता. अक्का तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा माझ्या पणजोबांना जास्त समजलं असतं. त्यांच्याकडच्या यच्चयावत पुरुषांच्या नावापुढे राव लागतो, आणि या भाडेकरूचं खरं नाव उच्चारायला गेलं की तोंडातलं पान बाहेर येई, म्हणून त्यांनी त्यांना जर्मनराव करून टाकलं होतं. जर्मनरावांनाही ते फार आवडलं होतं.

आपल्या देशात जर्मनराव पैसे घेऊन फुटबॉल खेळत. बचावफळीत. सगळ्या उमेदीत त्यांनी एकच गोल केला आणि तो स्वतःच्याच बाजूवर, ही गोष्ट ते शेजाऱ्याची भानगड सांगावी तशा चवीने सांगत. गुडघा गेल्यावर मद्रासजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्याने आपल्या संघाला शिकवायला त्यांना बोलावलं. पुढे कारखान्याने संघच मोडला. खेळणारी पोरं परत मशीनवर गेली आणि जर्मनराव मद्रासेतच राहिले. ‘‘परत का नाही गेलात?’’ असं मी एकदा विचारलं, तेव्हा इंग्रजी आणि तमिळ यांची स्वतः बनवलेली मिसळ खात खात ते म्हणाले, ‘‘जायला काय, जाईन. तिथे पाहू कुणाकडे?’’ मला तेव्हा ते नीटसं कळलं नाही.

कळलं ते हळूहळू. बचाव करणाऱ्याला, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, मैदान नसतं, चेंडू नसतो, असतो तो फक्त एक माणूस. समोरच्या संघातला एक गडी वाटून दिलेला असतो. तो पळाला की आपण पळायचं, तो थांबला की थांबायचं, तो बूट बांधायला वाकला तर आपण बाजूला उभं राहायचं. मुख्य म्हणजे त्याच्याकडे पाठ करायची नाही. मैदान सुटलं तरी अंगातली खोड थोडीच सुटते? मद्रासेत त्यांना वाटून दिलेला गडी मी होतो. मी भाजीला निघालो की माडीचा जिना वाजलाच म्हणून समजा. मांबलम स्टेशनच्या रस्त्याने जाताना ते कायम रहदारीच्या बाजूला, माझ्यापासून हातभर अंतरावर, गुडघ्यात जरासे वाकलेले. कीरैवालीकडे मी पालेभाजी निवडत असलो की ती आणि मी यांच्यामध्ये त्यांचा खांदा आलाच. ती बिचारी त्या खांद्याशीच भाव करायची. जिन्यात समोरासमोर आलो तर मी डावीकडे सरकलो की तेही डावीकडे, मी उजवीकडे की तेही उजवीकडे. मग एकदम हसून बाजूला होत आणि म्हणत, ‘‘जा. आज खेळ नाही.’’

पाठ न करण्याचं व्रत तर फारच कडक. माझ्या खोलीतून निघताना ते तोंड माझ्याकडे ठेवून मागे मागे चालत जात. तुळशीच्या कुंडीला आपटले, दूधवाल्याच्या सायकलवर बसले, एकदा अक्कांच्या वाळत घातलेल्या वडामांवरून, म्हणजे आपल्या कुरडयांवरून, संथपणे चालत गेले. अक्कांना मात्र राग येण्याऐवजी भरून आलं. ‘‘देवळातून निघाल्यासारिखे निघतात, पाहा,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘देवाकडे पाठ करूं नये हें त्यांच्या देशीं कोण शिकविलें असेल? पावम, बिचारे, चांगल्या घरचें मनुष्य.’’ मी खुलासा केला नाही. देवाच्या जागी मी आहे हे अक्कांना आवडलं नसतं.

नवरात्रात अक्का कोलू मांडत. पायऱ्या रचायच्या, त्यांवर देवादिकांपासून वाण्यापर्यंत सगळ्या बाहुल्यांचा दरबार भरवायचा, संध्याकाळी शेजारच्या बायका येणार, गाणं म्हणणार, सुंडल खाऊन जाणार. त्या वर्षी अक्कांची कंबर धरली होती, म्हणून बाहुल्या मांडायचं काम जर्मनरावांनी मागून घेतलं. दार लावून दुपारभर खपले. संध्याकाळी बायका आल्या आणि दारातच थबकल्या. कुठलीही बाहुली एकटी नव्हती. प्रत्येकीच्या पाठीला खेटून दुसरी उभी. कृष्णामागे पोट सुटलेला वाणी, वाण्याच्या बायकोमागे ऋषी, आणि लक्ष्मीला चिकटून लाल टोपीचा पोलीस.

‘‘अय्यो, जर्मनराव! लक्ष्मीच्या पाठीशीं पोलीस कशास?’’ अक्कांनी विचारलं.

‘‘एकटी होती,’’ जर्मनराव म्हणाले.

बायका हसल्या. मीही हसलो. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पोलिसाला काढलं नाही आणि जर्मनरावांच्या हातात सुंडलाचा दुसरा द्रोण ठेवला.

त्याच आठवड्यात माझ्या बदलीचा हुकूम आला. साताऱ्यालाच. मला आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं होतं, आणि तो आनंद घेऊन माडीवर जायचं धैर्य होत नव्हतं. शेवटी गेलो. जर्मनरावांनी ऐकून घेतलं, स्टोव्हवर कॉफी ठेवली आणि मी न विचारता एक गोष्ट सांगितली. त्यांच्या उमेदीच्या काळात समोरच्या गावच्या संघात एक गडी होता. वर्षानुवर्षं तो यांच्याच वाट्याला यायचा. त्याचा खोकला, त्याचा घाम, चिडला की कुठल्या पायावर भार देतो, सगळं यांना पाठ. स्वतःची बायको सोडून गेली तेव्हा तिचा कोट कुठल्या रंगाचा होता ते यांना सांगता आलं नव्हतं, पण त्या गड्याच्या मोज्याला कुठे रफू आहे ते माहीत होतं. दोघांचा खेळ संपला. त्याने रंगाचं दुकान टाकलं. एका रविवारी जर्मनराव त्याला भेटायला गेले, मग पुढच्या रविवारी, मग दर रविवारी. गिऱ्हाइकांच्या मध्ये उभे राहत. एके दिवशी तो गडी अगदी शांतपणे म्हणाला, ‘‘आता पुरे.’’

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘मग इकडे आलो. त्याचं काही चुकलं नाही. सामना संपला की माणसाला सोडायचं असतं. ते मला कुणी शिकवलं नाही.’’

जायच्या दिवशी मी बजावलं होतं, स्टेशनवर येऊ नका. ते आले, हे सांगायला नकोच. सेंट्रलवर ही गर्दी. हमाल, ट्रंका, फुलांच्या वेण्या, रडणाऱ्या मावश्या, आणि या सगळ्यांच्या व माझ्या मध्ये गुडघ्यात जरासे वाकलेले जर्मनराव. त्यांनी मला डब्यात चढवलं, खिडकीची जागा धरून दिली आणि खाली जाऊन खिडकीपाशी उभे राहिले. मला बोलायचं बरंच होतं. मी आपला पाणी भरून घेतलंय, डबा बरोबर आहे, असलं काहीबाही सांगत बसलो. गाडी हलली. ते खिडकीबरोबर चालू लागले, मग लंगडत पळू लागले, आणि मला धास्ती वाटली की हे आता प्लॅटफॉर्म संपला तरी थांबायचे नाहीत.

ते थांबले. माझ्याकडे बघत म्हणाले, ‘‘आता पुरे.’’

आणि त्यांनी पाठ फिरवली. मला वाटलं होतं ते हात हलवतील, मागे मागे चालत कुणाच्या तरी ट्रंकेवर आपटतील, आणि मी हसेन. पण ते सरळ, माझ्याकडे पाठ करून, चालत गेले. इतक्या वर्षांत ती पाठ मी कधी पाहिलीच नव्हती. समोरून ते दारासारखे रुंद दिसायचे. मागून सदरा खांद्यांवरून लोंबत होता, मान बारीक झाली होती, आणि कॉलर उलटी राहिली होती, ती सरळ करायला घरात कुणी नव्हतं. मी खिडकीतून हाक मारली. गाडीच्या आवाजात ती त्यांना ऐकू गेली की नाही, कोण जाणे. ते वळले नाहीत.

आता साताऱ्यात मी संध्याकाळी एकटाच फिरायला जातो. रस्त्याच्या कडेने चालतो. रहदारीच्या बाजूला हातभर जागा अजून सोडतो.