कोयता नव्हताच

गयाबाई भालेरावचा आवाज कधी भिंतीपलीकडे गेला नव्हता. अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या रस्त्यालगतच्या चाळीत ती राहायची आणि सकाळी महिला मंडळाच्या बालवाडीत मदतनीस म्हणून जायची. तीसेक पोरांची नाकं पुसायची, खिचडी वाढायची, रडणाऱ्याला कडेवर घेऊन खिडकीतून बाहेरच्या बकऱ्या दाखवायची. नवरा भीमराव एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात. शिक्षण चौथीपर्यंत, पण वाचनाचा नाद भारी. संध्याकाळी ओट्यावर बसून तो पेपर मोठ्याने वाचायचा आणि चाळ ऐकायची.

अठ्ठ्याऐंशी साल. चौदा एप्रिल दुसऱ्या दिवसावर आलेला. चाळीतल्या सगळ्या बाया पताका बांधायला विहारात गेल्या होत्या. बालवाडीला सुट्टी. गयाबाई मागे राहिली, कारण पाहुणे येणार होते आणि चादरी धुवायच्या राहिल्या होत्या. अकराच्या सुमाराला ती मोरीत धोपाटण्याने चादर बडवत होती, तेवढ्यात पुढच्या खोलीत ट्रंकेची कडी वाजली.

"वेणूबाई, आलात का?" तिने विचारलं. वेणूबाई म्हणजे शेजारीण.

कडी पुन्हा वाजली. हातातलं धोपाटणं तसंच घेऊन ती बाहेर आली, तर ट्रंकेसमोर एक अनोळखी माणूस उकिडवा बसलेला. पंचवीस-तिशीचा, अंगात चेक्सचा शर्ट. तिला बघताच तो उठला, तिला भिंतीशी दाबलं आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गळ्याला लावलं.

"आवाज मत कर!"

गयाबाईने आवाज केला नाही. हात मात्र उचलला गेला. ओलं, जड धोपाटणं त्याच्या मनगटावर बसलं. एकच फटका. स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला आणि तो मनगट धरून मटकन बसला. ती बाहेर पळाली, दाराला कडी घातली आणि मग ओरडली. इतकी ओरडली की विहारातल्या बाया धावत आल्या.

पोलीस आले. त्या माणसाचं नाव चंदर निघालं. मनगटाचं हाड मोडलं होतं. गयाबाईला वेणूबाईने बसवून पाणी पाजलं. आतून त्याचं कण्हणं ऐकू येत होतं आणि तिला त्याची दयाही येत होती, रागही येत होता.

"बाई, जीव वाचवायला मारलंत, घाबरायचं कारण नाही," हवालदार म्हणाला. त्याने पंचनामा केला, धोपाटण्याला चिठ्ठी बांधली आणि ते घेऊन गेला. आता चादरी कशाने धुवायच्या, हे विचारायचंही तिला सुचलं नाही.

दोन दिवसांनी भीमराव पहिली पाळी संपवून आला, तो हातात उल्हासनगरच्या एका सांजपेपरचे तीन अंक घेऊन.

"गया, तुझं नाव आलंय!"

ओट्यावर गर्दी जमली. भीमरावने घसा साफ केला आणि वाचलं. 'रणचंडीने कोयत्याने चोराचा हात छाटला! अंबरनाथ येथील विधवा गयाबाई (वय ६०) यांनी...' इथे तो अडखळला.

"विधवा?" वेणूबाई म्हणाली.

"छपाईची चूक असेल," भीमराव म्हणाला. "पण बाकी काय जोरदार लिहिलंय!"

"बाकी काय खरंय त्यात?" गयाबाई म्हणाली. "मी चव्वेचाळीसची. कोयता आपल्या घरात कधी नव्हता. हात कुणी छाटला?"

"अगं, पण छापून आलंय."

"तुम्ही मेलात असंही छापून आलंय. मग रात्रीचं जेवण वाढू की नको?"

लोक हसले. गयाबाई हसली नाही. आणि पुढच्या सोमवारी तर हसण्यासारखं काही उरलंच नाही. बालवाडीत तीसच्या जागी अकरा पोरं आली. एका आईने दारातूनच पोर मागे ओढलं. बालवाडीच्या मालिनीताई तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "गयाबाई, थोडे दिवस घरी राहा. पालक घाबरलेत. हात छाटला म्हणजे... लहान मुलं असतात हो."

"ताई, तुम्ही मला सहा वर्षं ओळखता."

"मी ओळखते. त्यांनी पेपर वाचलाय."

त्याहून वाईट त्या रात्री झालं. जेवता जेवता भीमरावने घास खाली ठेवला आणि विचारलं, "गया, रागावू नकोस. खरंच नव्हता ना गं कोयता? म्हणजे, ते लोक उगीच कसं लिहितील?"

अठ्ठावीस वर्षांचा संसार, आणि हा माणूस कुणा न पाहिलेल्या माणसाच्या चार ओळींवर विश्वास ठेवून तिचीच उलटतपासणी करत होता. ती आठ दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलली.

नवव्या दिवशी तिने इस्त्रीचं लुगडं नेसलं आणि उल्हासनगरला गेली. सांजपेपरची कचेरी एका सिंधी कापडवाल्याच्या दुकानावर होती. संपादक पान खात होता.

"बाई, आम्ही तर तुमची वाघीण केली! तक्रार कसली?"

"मला वाघीण नको. जे झालं ते लिहा."

संपादकाने आतून हरिचंद्र नावाच्या बातमीदाराला हाक मारली. बिचारा सरळ पोरगा होता, त्याने लपवलं काहीच नाही. तो अंबरनाथला आलाच नव्हता. चौकीत फोन केला, पलीकडचा म्हणाला बाईने हत्याराने मारलं. याने विचारलं, कोयता का? तो म्हणाला, असेल.

"आणि माझा नवरा?"

"घरात एकट्या होत्या म्हणाले. मला वाटलं..."

"मी घरात एकटी होते, म्हणून माझा नवरा मारलास होय रे?"

खुलासा छापू, असं संपादकाने कबूल केलं. चौथ्या दिवशी तो आला, आतल्या पानावर, मूळव्याधीच्या जाहिरातीखाली. 'गयाबाई भालेराव यांनी चोराचा हात कोयत्याने नव्हे, तर धोपाटण्याने छाटला, असे त्या कळवितात.'

गयाबाईने तो कागद दोनदा वाचला आणि कपाळाला हात लावून ओट्यावर बसली. धोपाटण्याने हात छाटणारी बाई! बालवाडीतून निरोप आला की जागेवर दुसरी बाई घेतली आहे.

खटला नव्वद साली उभा राहिला. चंदरच्या वकिलाने दोन्ही कात्रणं काढली. त्याचं म्हणणं, चंदर पाणी मागायला गेला होता आणि बाईने कोयता उगारला. "पेपरात आधी कोयता आला. मग ह्या बाई स्वतः कचेरीत जाऊन तो बदलून आल्या. का बरं?"

चूक दुरुस्त करायला गयाबाई गेली, आणि ती दुरुस्तीच तिच्या गळ्यात आली होती. वकिलाने साक्षीला हरिचंद्रला आणलं होतं. न्यायाधीश चष्म्यावरून त्याच्याकडे बघत होते.

"तुम्ही कोयता पाहिलात?"

"नाही साहेब."

"यांचं घर पाहिलंत?"

"नाही."

"छाटलेला हात?"

न्यायाधीशांनी आरोपीला दोन्ही हात वर करायला सांगितलं. चंदरने केले. दहाच्या दहा बोटं जागेवर होती. डॉक्टरच्या दाखल्यात हाड मोडल्याचं होतं, कापल्याची जखम नव्हती. ट्रंकेची मोडलेली कडी आणि स्क्रू-ड्रायव्हर समोर होतेच. "पाणी मागायला आलेला माणूस ट्रंक उघडत नाही," न्यायाधीश म्हणाले, "आणि ऐकीव बातमी म्हणजे पुरावा नव्हे." चंदरला दीड वर्षाची शिक्षा झाली.

बाहेर पायरीवर भीमराव तिच्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "मी विचारायला नको होतं."

"नकोच होतं," गयाबाई म्हणाली. तेवढ्याने राग गेला नाही, पण तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली.

जुनी बालवाडी तिला परत मिळाली नाही. पुढच्या वर्षी चिखलोलीत नवी उघडली, तिथे ती लागली. पहिल्याच आठवड्यात एका आईने पोराचं बोट घट्ट धरून विचारलं, "तुम्हीच का हो त्या, कोयतेवाल्या?"

गयाबाईने सुस्कारा सोडला. मग बाईला पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि चादरींपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. घाबरल्याचं, शेजारणीने पाणी पाजल्याचं, त्या माणसाच्या कण्हण्याचंही. सांगायला पाऊण तास लागला. आत पोरांची खिचडी थंड झाली.

बाईने पोराचं बोट सोडलं. "एवढं कुठे कुणी लिहितं हो," ती म्हणाली.