मार्लिस ट्वेटची वीस मिनिटं

एप्रिल अर्धा सरला तरी थंडी हलायचं नाव घेत नव्हती. रात्रीचं दव गोठून कुरणावर मीठ पेरल्यासारखं दिसत होतं, आणि विस्कॉन्सिनमधल्या त्या खोऱ्यात ऊन टेकडी उतरून यायला तसाही उशीरच लावतं. मार्लिस ट्वेटनं शेगडीतली राख काढली, दोन ओंडके आत सरकवले, कोंबड्यांच्या पाण्यावरची बर्फाची पापडी बुटाच्या टाचेनं फोडली आणि सायकल गाडीच्या मागच्या भागात आडवी टाकली.

"लापशी तरी खाऊन जा," नवरा ओर्लिन दारातून म्हणाला. "रिकाम्या पोटी जीव काढायला निघालीस."

"भरल्या पोटी काढला तर बाहेर येईल."

"मग ये ओकून. कोंबड्यांना तेवढंच."

मार्लिस अठ्ठावन्न वर्षांची, गावच्या शाळेत स्वयंपाकीण. अंगानं काटकुळी. चाळिशी उलटल्यावर सायकल शर्यतीचा नाद लागला तो सुटलाच नाही. त्या पाचजणी होत्या. जूनमध्ये चौघींच्या संघाची शर्यत असते. एकीमागे एक, वारा वाटून घेत जायचं आणि वेळ धरायची ती चौथीची. पाचवीनं जादा चाकं घेऊन मागून व्हॅन चालवायची. पाचवी कोण, ते दरवर्षी एप्रिलमध्ये ठरे. नदीकाठच्या सपाट रस्त्यावर वीस मिनिटं जीव तोडून सायकल मारायची. पायडलच्या दांड्यात बसवलेलं मीटर पायांचा जोर वॅटमध्ये मोजतं. सरासरी आकडा जिचा सगळ्यांत कमी, ती व्हॅनमध्ये. आकडा जिचा तिनंच सांगायचा, दुसरीनं मीटर बघायला मागायचं नाही. एवढ्या वर्षांत कुणी मागितलं नव्हतं.

मार्लिस कधी व्हॅनमध्ये बसली नव्हती. पण नोव्हेंबरात शाळेचा जिना चढता चढता ती मधल्याच पायरीवर खाली बसली. फुप्फुसात रक्ताची गाठ निघाली. गोळ्या फेब्रुवारीत थांबल्या. डॉक्टर म्हणाले, चालवा, पण बेतानं. सारा हिवाळा तळघरात जागच्या जागी सायकल मारत ती स्वतःला एकच गोष्ट विचारत होती: मी परत आले का? आणि सगळ्याजणी तिच्याशी इतक्या गोड वागत होत्या की तिला ते कुसळासारखं टोचत होतं.

बाकी तिघींच्या चाचण्या झाल्या होत्या, त्यांचे आकडे चांगले वर होते. राहिल्या होत्या मार्लिस आणि रोंडा. रोंडा टपाल वाटायची, हाडापेरानं थोराड, तोंडानं त्याहून.

आधी रोंडा नदीवरच्या पुलापासून निघाली. मार्लिस तिच्या मागे दिवे लुकलुकवत गाडीतून गेली. गाडीत हीटर पूर्ण सोडलेला, मागे तिची सायकल. रोंडाची वीस मिनिटं लूथरन चर्चच्या थोडी पुढे संपली. आकडा दोनशे अकरा.

"आता तू," रोंडा धापा टाकत म्हणाली. "आणि मरू नकोस गं, मला शवपेटी उचलायला लावू नकोस. माझी पाठ धरलीय."

पुलापाशी परत आल्यावर मार्लिसनं सायकल खाली काढली, मीटर शून्यावर लावलं आणि निघालीसुद्धा. अंगातली ऊब जाऊ द्यायची नव्हती.

वीस मिनिटं संपली तेव्हा मीटरवर दोनशे अठरा होते. गेल्या वर्षीपेक्षा दोन जास्त. तिनं हँडलवर कपाळ टेकलं आणि मोठ्या बाईमाणसाला न शोभेल अशी रडली. रडता रडताच तिनं आकडा सांगितला.

"आली बाई परत," रोंडा गाडीतून उतरत म्हणाली. "चल, व्हॅन माझी." ती हसली, पण तिचं लक्ष रस्त्याकडे होतं. "वारा होता का गं समोरून?"

मार्लिसनं मान वर केली. ती कब्रस्तानाच्या भिंतीपाशी उभी होती. चर्च अजून पुढे होतं. दरवर्षी ती चर्च मागे टाकायची. समोरच्या घराच्या धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता.

"असेल थोडा," ती म्हणाली.

घरी जेवण गोड लागलं नाही. दुपारी ती छपरीत गेली, तिथं गारठलेल्या सायकलचं मीटर तिनं पुन्हा शून्यावर लावून पाहिलं. सकाळी धरलेलं शून्य आता शून्यावर नव्हतं, चांगलंच सरकलं होतं. तिचं मीटर जुनं. गरम धातूवर शून्य धरलं आणि मग थंडीत निघालं की फुगवून सांगतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. थंडीत सायकल आधी बाहेर गार होऊ द्यायची, मगच शून्य धरायचं, हे तिनंच चौघींना शिकवलेलं.

ती बराच वेळ उलट्या बादलीवर बसून राहिली. मग रोंडाला फोन लावला.

"गाडीतून काढली आणि गरम असतानाच शून्य धरलं मी," ती म्हणाली. "तो आकडा माझा नाही."

"तू म्हणजे ना, स्वतःच्या ताटातली माशी शोधून पंगतीला दाखवणार. कोण विचारत होतं तुला?"

"तू विचारलंस. वारा होता का म्हणून."

"ते मी आपलं बोलले. आणि मला व्हॅन आवडते. त्यात सँडविच खाता येतं."

"रोंडा, जूनमध्ये मी मागे पडले तर तिघींना माझ्यासाठी थांबावं लागेल. तेव्हा काय सांगू, मीटर गरम होतं?"

रोंडानं सुस्कारा सोडला. "पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी."

त्या रविवारी मार्लिसनं सायकल पुलाच्या कठड्याला टेकवून ठेवली, दांडा हाताला चटका देण्याइतका गार होईपर्यंत. मग शून्य धरलं. थकवा लपवायला या रस्त्यावर एक वळणसुद्धा नाही. निम्म्यातच तिला कळलं. छाती साथ देत होती, श्वास पुरत होता, पण पायांना हाक मारली की ते उशिरा ओ देत होते. तरी तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही.

एकशे अठ्ठ्याण्णव.

ती कब्रस्तानाच्या भिंतीवर बसली. रोंडानं तिच्या खांद्यावर स्वतःचं जाकीट टाकलं. आकडा विचारला नाही.

"दम लागला?"

"दम नाही गं. पायच आले नाहीत माझ्याबरोबर."

"येतील मागाहून. लंगडत असतील."

"नाही आले तर?"

रोंडा तिच्या शेजारी बसली. त्या थंड दगडावर दोघी शेजारीशेजारी बसून राहिल्या, समोरून एक दुधाचा टँकर गेला, त्याच्या चालकानं हात केला तसा दोघींनी केला. मग मार्लिसनं खिशातून फोन काढला, बाकी तिघींना आपला आकडा कळवला आणि खाली लिहिलं, व्हॅन मी चालवते.

संध्याकाळी ओर्लिननं विचारलं, "किती?" तिनं सांगितलं, व्हॅनचंही.

"त्या व्हॅनचा दुसरा गिअर अडतो," तो म्हणाला. "शनिवारी बघून देतो."

"दे."

सोमवारी उजाडायच्या आत ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मदतनीस बाई अजून यायची होती. मार्लिसनं केसांवर जाळी चढवली, गाजरांचं पोतं टेबलाजवळ ओढलं, चाकू कापडाला पुसला आणि सोलायला बसली.